आधी पुरुषांची पंगत

मी भोंगा बोलतोय. लाऊडस्पीकरचा भोंगा. आयुष्यभर बोललो, पण त्यातला एक शब्दही माझा नव्हता. लोकांनी मागून ओतायचं आणि मी पुढून ओकायचं, हा माझा धंदा. आज पहिल्यांदाच स्वतःचं काही सांगतोय, तेव्हा थोडी खरखर झाली तर चालवून घ्या. पुढाऱ्यांची तुम्ही चालवून घेताच.

माझा जन्म पुण्यातल्या एका कारखान्यात झाला. पत्रा ठोकून ठोकून त्यांनी माझं तोंड एवढं मोठं केलं आणि कान मात्र दिलेच नाहीत. सभेत शोभायला आणखी काय लागतं? पारनेरच्या बन्सीने मला विकत घेतलं, पांढरा रंग दिला आणि पोटावर निळ्या अक्षरांत ‘बन्सी साऊंड सर्व्हिस’ असं लिहिलं. बन्सी माणूस चांगला. त्याला गाण्यातलं काही कळत नसे, भाषणातलं तर त्याहून कमी, त्यामुळे धंद्यात तो कधी दुःखी झाला नाही.

लग्नं, जत्रा, कीर्तनं, निवडणुका असा माझा संसार सुरू झाला. एकाहत्तरच्या निवडणुकीत सकाळी एका पक्षाच्या जीपवर आणि दुपारी दुसऱ्या पक्षाच्या जीपवर मीच होतो. दोघांचीही आश्वासनं सारखीच असल्यामुळे मला काही जड गेलं नाही.

जत्रेत हरवलेल्यांचा पुकारा करायचं काम मला मनापासून आवडायचं. म्हैस हरवली तर तिचा रंग, शिंगं, कपाळावरचा ठिपका, सगळं सांगायचे. बाई चुकली तर मात्र ‘अमुक गावच्या अमक्या पाटलांची मंडळी जिथं असतील तिथून यावं’ एवढंच. त्या पुकाऱ्यावरून पाटलाला म्हैस ओळखता आली असती, मंडळी कशी ओळखायची ते पाटलांनाच ठाऊक. बायकांची नावं माझ्या तोंडून कधी गेलीच नाहीत. जाहीर करण्यासारखं त्यात काही असेल, असं कुणाला वाटलं नसावं.

बन्सीचं दुकान पारनेरच्या वाचनालयासमोर. काम नसलं की मी दाराशी खिळ्याला लटकून समोरची गंमत बघायचो. बाजाराच्या दिवशी राधाकृष्ण नावाचा एक तरुण शेतकरी यायचा. तो दोन पुस्तकं घ्यायचा, वर एक खुनाची रहस्यकथा आणि खाली एक पातळ कवितांचं. रहस्यकथा तो छातीशी धरून मिरवायचा आणि कवितांचं पुस्तक चोरून आणलेल्या कोंबडीसारखं बगलेत दाबायचा. ग्रंथपालांनी एकदा विचारलंच, ‘‘कविता कोण वाचतं हो?’’

‘‘घरी वाचत्यात,’’ राधाकृष्ण म्हणाला.

‘‘घरी म्हणजे?’’

‘‘घरी म्हंजे घरी. द्या की आता.’’

घरी वाचणारी ती मुक्ता, त्याची बायको. सातवीपर्यंत शिकलेली. वाचनालयाचं सभासदत्व नवऱ्याच्या नावावर आणि वाचन बायकोचं, असा तो जोडधंदा चांगला चालला होता. त्या दिवसांत शहरातल्या काही बायका नव्या तऱ्हेच्या कविता लिहू लागल्या होत्या. त्यात यमक नसे, चंद्र नसे, सजणही नसे. एक बाई असे आणि तिला स्वतःबद्दल काहीतरी म्हणायचं असे. असलं एक पुस्तक वाचनालयात आलं. महिनाभर त्याला कुणी हात लावला नाही, आणि मग ते राधाकृष्णाच्या बगलेतून मुक्ताकडे गेलं. हे पुस्तक तिने परत पाठवलंच नाही. दर खेपेला मुदत वाढवून घ्यायला लावली.

त्यांचं गाव पारनेरपासून दोन-तीन कोसांवर. नाव सांगत नाही, कारण सरपंच अजून तेच आहेत. सरपंच सूर्यभान हे राधाकृष्णाचे थोरले भाऊ. एके दिवशी वरून कागद आला की गावोगावी महिला मंडळं निघाली पाहिजेत. सूर्यभानने त्याच संध्याकाळी मंडळ काढलं. चावडीवर बसून, विड्या ओढत, गावातल्या पुरुषांनी महिला मंडळाची कार्यकारिणी एकमताने निवडली. अध्यक्ष म्हणून भागूबाईंचं नाव ठरलं. त्या सूर्यभानच्याच पत्नी. आपण अध्यक्ष झाल्याचं त्यांना दुसऱ्या दिवशी म्हशीची धार काढताना समजलं.

मग बाहत्तरच्या संक्रांतीनंतर महिला मेळावा ठरला. भाषण, हळदीकुंकू आणि जेवण असा बेत होता. भोंगा अर्थातच मी.

शाळेच्या मागच्या अंगणात मंडप घातला होता. मला मात्र शाळेच्या कौलांवर पुढच्या बाजूला बांधलं, तोंड मारुतीच्या देवळाकडे करून. कारण मेळावा बायकांचा असला तरी पारावर बसलेल्या पुरुषांना तो नीट ऐकू आला पाहिजे, असं सूर्यभानचं म्हणणं पडलं. बायका मंडपातच बसणार, त्यांना भोंगा कशाला? त्यामुळे माझी पाठ मंडपाकडे आणि मध्ये अख्खी शाळा; मंडपात काय दिसलं ते मला मागाहून बन्सीच्या बोलण्यातून कळलं. पुढे जे घडलं ते या मांडणीमुळे घडलं.

कार्यक्रमात मुक्तालाही पाच मिनिटं दिली होती. तिने त्या पुस्तकातल्या दोन कविता वाचायच्या, असं ठरलं होतं. ठरवलं होतं सासूने, रतनबाईंनी. सूर्यभान आईला नाही म्हणू शकला नाही, म्हणून त्याने मुक्ताचं नाव सगळ्यांत शेवटी घातलं. सभेत शेवटचं नाव म्हणजे काय, हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक असणार! मुक्ता आठवडाभर गोठ्यात म्हशींना कविता वाचून दाखवत होती. हे राधाकृष्णाने बन्सीला मला बांधताना सांगितलं. म्हणाला, ‘‘लई मनावर घेतलंय तिनं. एकदा वाचू दे, बास.’’

सभा सुरू झाली. अध्यक्षांचं भाषण अध्यक्षांच्या मालकांनी वाचलं. ‘‘मी एक अबला स्त्री असूनही आपण मला हा मान दिलात,’’ असं सूर्यभान भरघोस मिशांतून म्हणाला आणि मी ते जसंच्या तसं पारावर पोचवलं. भागूबाई शेजारी मान खाली घालून पदराचं टोक पिळत होत्या.

मग नगरहून आलेले प्राध्यापक उठले. विषय होता ‘आजची कविता आणि स्त्रीचा आत्मशोध’. त्यांनी मुक्ताच्या हातातलं पुस्तक मागून घेतलं. त्यातल्या चार ओळी वाचल्या आणि कवयित्रीला वरवर जे म्हणायचं आहे ते तिला मुळीच म्हणायचं नाही, हे पाऊण तास समजावून दिलं. ‘‘भगिनींनो, स्वतःवर प्रेम करायला शिका! बोलत्या व्हा!’’ ते गरजले. तेवढ्यात एक तान्हं पोर रडलं, तेव्हा ते म्हणाले, ‘‘त्या बाईंना जरा बाहेर घेऊन जा.’’ पुढे ‘बोलत्या व्हा’ याच मुद्द्यावर ते इतकं बोलले की वेळ संपली, आणि पुस्तक टेबलावर टाकून ते बसले.

मुक्ता उठून उभी राहिली होती. सूर्यभान थोरला दीर, भावजयीशी थेट बोलायची रीत नाही. म्हणून तो बायकोकडे बघून बोलला. ‘‘धाकटीला सांग, म्हणावं उशीर झाला. पंगत खोळंबलीय. तिचं फुडच्या वर्षी बघू.’’ आणि माईकपासून तोंड वळवून, पण माईक पकडेल एवढ्या आवाजात, ‘‘आनि ते पुस्तक उद्या परत करून टाका म्हणावं. वाचनालय बास झालं आता. डोकं फिरतंय त्यानं.’’

मुक्ता तशीच खाली बसली. मी त्या क्षणी फुटलो असतो तर बरं, असं मला वाटलं. पत्र्यालाही लाज वाटते हो.

महिला मेळाव्याची पहिली पंगत पुरुषांची असते, हे तुम्हाला वेगळं सांगायला नको. देवळापुढच्या पटांगणात पत्रावळी मांडल्या, लापशी, आमटी, भात. सगळ्या गावाचे आबा, म्हणजे सूर्यभानचे वडील गहिनीनाथ, मानाच्या जागी बसले. त्यांच्या शेजारी प्राध्यापक, मग सूर्यभान आणि पुढे गाव. बन्सीही एका पत्रावळीवर जाऊन बसला. माझा आवाज वाढवणारा सेट बॅटरीवरचा. एकदा बंद केला की पुन्हा तापायला फार वेळ खायचा. जेवणानंतर आभारप्रदर्शन व्हायचं होतं, म्हणून बन्सीने माईक सुरूच ठेवला आणि मंडपातल्या टेबलावर आडवा करून आला. राधाकृष्ण आमटीची बादली घेऊन वाढायला लागला.

मंडपात उरल्या बायका. त्या आपल्या पंगतीची वाट बघत टेबलाभोवती गोळा झाल्या. हळदीकुंकू लावून झालं, तिळगूळ वाटून झाला. आणि पुरुषांनी लापशीचा पहिला घास उचलला, तोच माझ्या तोंडून भागूबाईंचा आवाज बाहेर पडला.

‘‘मुक्ते, वाच गं तुझं. गेले समदे गिळायला.’’

पंगतीत हात तिथल्या तिथे थांबले. बन्सी दचकून अर्धा उठला.

‘‘बस खाली,’’ आबा म्हणाले. ‘‘पंगत मोडत्यात का कुटं?’’

आबांचा तो नियम सगळ्या पंचक्रोशीला माहीत होता. वडीलधारा उठल्याशिवाय पंगतीतून कुणी उठायचं नाही. एका लग्नात चालू पंगतीतून उठला म्हणून त्यांनी सख्ख्या मेव्हण्याशी बोलणं सोडलं होतं. बन्सी मुकाट्याने बसला. सूर्यभानने डोळ्यांनी धाकट्या भावाला खूण केली की तू जा, तू तर उभाच आहेस. राधाकृष्णाने बादली खाली ठेवायला घेतली.

‘‘राधा, आमटी,’’ आबा म्हणाले. ‘‘वाडप्यानं बादली भुईला टेकवू न्हाई.’’

राधाकृष्णाचा चेहरा मला वरून दिसत होता. बापाची आज्ञा इतक्या आनंदाने पाळणारा मुलगा मी तरी दुसरा पाहिला नाही.

आणि मुक्ताने वाचायला सुरुवात केली. आधी आवाज जरा कापला, मग सरळ झाला.

‘जात्याला माझी ओवी माहीत आहे,
विहिरीला माझा पोहरा,
उंबऱ्याला माझी ठेच.
माझं नाव मात्र इथं कुणाला विचारू नका.
ते मी आज सकाळीच
मला सांगितलं आहे.’

कितीतरी कीर्तनं, भाषणं आणि लग्नातली बेसूर मंगलाष्टकं माझ्या घशातून गेली होती. पण एवढं साधं, एवढं हळू बोललेलं काही कधी गेलं नव्हतं. मला बरं वाटलं. प्राध्यापक आबांकडे झुकून म्हणाले, ‘‘ह्या कवितेचा खरा अर्थ असा की...’’

‘‘भात गार व्हतोय तुमचा,’’ आबा म्हणाले.

 मग मंडपातली एक बाई म्हणाली, ‘‘आपून तर नाव घ्यायचं म्हन्लं की मालकाचंच घेतो.’’

‘‘मंग आज आपलं घिऊ,’’ भागूबाई म्हणाल्या आणि घसा खाकरून त्यांनी उखाणा घेतला.

‘‘संक्रांतीच्या वाणाला ऊस, बोरं, हरभरा,
भागूबाईचं नाव घेते, बाकीच्यांनी धीर धरा!’’

हशा उसळला. अध्यक्षांचं पहिलं स्वतंत्र भाषण ते हेच, आणि ते पार पडलं तेव्हा अध्यक्षांचे मालक पत्रावळीतल्या द्रोणात तोंड घालून बसले होते. पंगतीतले काही चावट लोक त्यांच्याकडे बघून खोकू लागले. पण एकेका बाईने नाव घ्यायला सुरुवात केली तसा त्यांचाही खोकला थांबला, कारण प्रत्येकाची मंडळी तिकडेच होती. गंमत म्हणजे कित्येकांनी आपल्या बायकोचं माहेरचं नाव त्या दिवशी माझ्याकडून ऐकलं.

शेवटी भागूबाई म्हणाल्या, ‘‘आता आत्याबाईंनी घ्यायचं.’’

रतनबाई सत्तरीला आलेल्या. आबांचं नाव घेताना त्या वयातही लाजायच्या म्हणे. त्या म्हणाल्या, ‘‘माजं कसलं गं नाव?’’

‘‘रतन हाय की.’’

‘‘रतन हितं आल्यावर ठेवलं. माजं नाव छबू.’’  ‘‘माज्या नणंदंचंबी नाव छबूच हुतं. एका घरात दोन छबू कशा चालायच्या? हाक मारली की दोघी धावायच्या. म्हनून सासूबाई म्हनल्या, तू आजपासून रतन. वर्साच्या आत नणंद लगीन करून सासरी गेली. मला वाटलं, आता माजं मला परत देतील. पर कुनाच्या ध्यानातच न्हाई आलं. माजा भाऊ हुता तंवर भाऊबीजंला छबे म्हनून हाक मारायचा. तो गेला, आता ते नाव ठावं असनारं कुनी न्हाई. मीच कवातरी चुलीपाशी म्हनून बघते, छबू, छबू. खुळ्यावानी.’’

मी ते सगळं सांगितलं. एका शब्दाची खरखर होऊ दिली नाही. माझ्या आयुष्यातलं सगळ्यांत चांगलं काम मी ते समजतो, आणि त्याचं मला कुणी भाडं दिलं नाही याचंही काही वाटत नाही.

खाली आबांचा घास हातातच राहिला होता. अख्खी पंगत त्यांच्याकडे बघत होती. सूर्यभान हलकेच म्हणाला, ‘‘आबा, उठायचं का?’’ सगळ्यांचं जेवण उरकलं होतं. आबा उठले असते तर बन्सीने धावत जाऊन माईक बंद केला असता आणि सगळं निभावून गेलं असतं.

‘‘राधा,’’ आबा म्हणाले, ‘‘लापशी आन.’’

साठ वर्षं एका वाढीवर उठणारा माणूस त्या दिवशी पुन्हा लापशी मागत होता. ती त्यांनी दाणा दाणा करून खाल्ली. मंडपात बायका बोलत राहिल्या आणि पंगत रिकाम्या पत्रावळींपुढे, वाळलेल्या हातांनी, गप्प बसून ऐकत राहिली. पुरुषांना एवढा वेळ गप्प बसलेलं मी फक्त न्हाव्यापुढे पाहिलं होतं.

मग आबा उठले. हात धुतले, तोंड पुसलं. दुसरं कुणी पुढे व्हायच्या आत ते स्वतः शाळेला वळसा घालून मंडपाच्या तोंडाशी गेले. आमच्याकडे नवऱ्याने बायकोला नावाने हाक मारायची नसते. ‘अगं ए’, ‘ऐकलं का’, नाहीतर नुसतं खाकरायचं. आबांनीही आधी खाकरून घेतलं. मग त्यांचा आवाज माझ्यातून देवळापर्यंत गेला.

‘‘छबू. चल, जेवाया चल.’’

हे नाव आबांच्या कानी कसं गेलं, ते बायकांच्या ध्यानात आलं. ‘‘अगं बया, माईक चालूच हाय!’’ कुणीतरी किंचाळलं. पदर सावरल्याचा आवाज, बांगड्यांचा आवाज, भागूबाईंचं ‘मेले मी!’ सगळं माझ्याकडे आलं. बन्सी धावायला निघाला होता, पण तेवढ्यात रतनबाईंचा आवाज आला. अजिबात न कापलेला.

‘‘ऐकलं नव्हं समद्यांनी? बरं झालं. मंग आता जरा थांबा. पोरीची एक कविता राह्यलीय.’’

आबा थांबले. आबा थांबले म्हणून बन्सी थांबला, सूर्यभान थांबला, गाव थांबलं. आणि सकाळपासून उपाशी असलेल्या बायकांच्या मधे उभी राहून मुक्ताने दुसरी कविता वाचली.

‘आज पहिली भाकरी
मी मला वाढली.
गरम होती.
इतकी वर्षं मला वाटायचं
भाकरी गारच असते.’

त्यानंतर आभारप्रदर्शन झालं नाही. कुणी कुणाचे आभार मानायचे ते ठरेना. प्राध्यापक मोटारीची वेळ झाली म्हणून निघून गेले. बायकांची पंगत बसली तेव्हा लापशी संपत आली होती. भाताचं दुसरं आधण राधाकृष्णाने घातलं, आणि तेही जरा करपवलं.

त्याच वर्षी मोठा दुष्काळ पडला. लग्नं नाहीत, जत्रा नाहीत. मला खडी फोडायच्या दुष्काळी कामावर, मजुरांना सुकडीचा खाऊ वाटायच्या वेळी हाका घालायला नेलं. तिथे ट्रकमधून पडलो आणि कडेला मोठी चीर गेली. आता बन्सीने नवा भोंगा घेतलाय आणि मी परसात पडून आहे. एक कोंबडी माझ्यात अंडी घालते. तिचं ओरडणं भाषणांपेक्षा मुद्देसूद असतं.

बन्सी सांगतो ते कळतं. सूर्यभान आता प्रत्येक सभेत म्हणतो, ‘‘आमच्या गावात बायकांच्या हाती माईक आम्ही दिला.’’ म्हणू दे. पुस्तक काही परत गेलं नाही. बाजाराच्या दिवशी मुक्ता स्वतः वाचनालयात येते, तिच्याच नावावर पुस्तक घेते, आणि ते हातात धरून बाजारातून चालत जाते. आबा घरी छबू म्हणतात की पुन्हा खाकरण्यावर आलेत, ते मला माहीत नाही. घराघरांत कुणी भोंगे लावत नाही.

माझा आता काही भरवसा नाही. भंगारवाल्याने बन्सीकडे दोनदा चौकशी केलीय. जायच्या आधी सभा भरवणाऱ्या समस्त थोर पुरुषांना माझी एकच विनंती आहे. बायकांसाठी तुम्ही फार काही करू नका, भाषणं तर मुळीच नकोत. खुशाल आधी जेवायला बसा. फक्त जाताना माईक बंद करायला विसरत चला.